अ‍ॅग्नेस एवढी चिकटून का चालत होती

सेलेस्टीनला संशय यायला फार काही लागत नसे. दूधवाल्याने नेहमीपेक्षा गोड आवाजात "गुड मॉर्निंग आंटी" म्हटलं की ती पातेलं खिडकीपाशी नेऊन दुधाचा रंग बघायची. फादरांनी प्रवचन लवकर संपवलं की त्यांना कुठे जायचंय, याचा विचार घरी येईपर्यंत चालायचा. तिचा मोठा भाऊ सिरिल म्हणायचा, "हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी दाराची कडी तपासेल."

त्यात तिची तरी काय चूक? उमेदीची सगळी वर्षं वागळे इस्टेटच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगमध्ये गेली, तीही चेकिंगला. समोरून पट्ट्यावर बाटल्या सरकायच्या आणि त्यातली झाकण सैल असलेली बाटली हिने हेरायची. इतकी वर्षं चांगलं सोडून फक्त वाईट शोधायचा पगार मिळाला, तर माणसाचा डोळा तसाच घडतो. लग्न केलं नाही. सिरिलच्या घरातच राहिली, त्याची पोरं वाढवली, उन्हाळ्यात गावठाणातल्या निम्म्या घरांचा मसाला करून दिला, आणि रोज संध्याकाळची रोझरीची प्रार्थना चुकवली नाही.

त्यांचं गावठाण ठाण्यात, हायवेच्या आतल्या अंगाला. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले आणि मधे कौलारू घरांचा एवढासा तुकडा उरला. तिथे एक क्रूस आहे, एक विहीर आहे आणि विहिरीशेजारी उंबराचं झाड. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या बायका बॅन्ड लावून, लुगडी नेसून त्या विहिरीवर जातात आणि डोक्यावरून पाणी आणतात. त्या पाण्याने नवऱ्या मुलाला आंघोळ घालायची. याला उंबराचं पाणी म्हणतात. सेलेस्टीनच्या घरात पहिली कळशी सख्ख्या बहिणीची. सिरिलच्या लग्नात ती सेलेस्टीनच्या डोक्यावर होती.

आणि तीच पडली.

क्रुसाच्या अलीकडे गटारावरची फरशी आहे, तिथे सेलेस्टीनचा तोल गेला. कळशी खणखणत गेली, पाणी सगळं मातीत. बॅन्ड थांबला. बायकांनी "काही नाही, काही नाही" म्हणत तिला उठवलं, पुन्हा विहिरीवर जाऊन दुसरं पाणी आणलं. पण पहिलं सांडलं ते सांडलंच. पुढे वहिनीचं, पामेलाचं, पहिलं बाळ हाती लागलं नाही. त्या दिवसाची आठवण कोणी काढली नाही. पण कोणी काढत नाही म्हणजे सगळ्यांच्या मनात आहे, हे सेलेस्टीनला कळायला वेळ लागला नाही.

मग तिने शोध लावला. तिच्या मागे चुलत बहीण अ‍ॅग्नेस होती, शेजारच्या घरातली, जिवाभावाची मैत्रीण. बाकीच्या बायका हातभर अंतर ठेवून चालत होत्या आणि अ‍ॅग्नेस अगदी पाठीला चिकटून. लुगड्याचा सोगा मागे लोंबत होता. त्यावर अ‍ॅग्नेसचा पाय पडला, दुसरं काय! चुकून पडला असता तर ती बोलली असती. ती तर गप्प बसली. आणि मुळात एवढं चिकटून चालायचं कारण काय? या प्रश्नाचं उत्तर सेलेस्टीनला कधी मिळालं नाही, कारण तिने तो अ‍ॅग्नेसला कधी विचारलाच नाही. घराबाहेर बाकी सगळ्यांना विचारला. अ‍ॅग्नेस लग्न होऊन डोंबिवलीला मानपाडा रोडला गेली आणि दोघींचं बोलणं मयतीच्या घरी हात जोडण्याइतकंच राहिलं.

आता सिरिलच्या मुलाचं, डिनोचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. कळशी उचलायची होती त्याच्या बहिणीने, क्रिस्टलने.

क्रिस्टल फिजिओथेरपी शिकत होती. लहानपणी तिने सेलेस्टीनच्या मांडीवर बसून विचारलं होतं, "आते, डिनोच्या लग्नात कळशी माझीच ना?" तेव्हापासून ती त्या दिवसाची वाट बघत होती. माळ्यावरची तांब्याची कळशी तिने स्वतः काढून चिंच-मिठाने घासली. कळशीच्या पोटाला पोचा होता, तो कधीचा हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"पोचा काढून घेऊ या का गं आते?" तिने विचारलं.

"राहू दे," सेलेस्टीन म्हणाली. "काहींना आठवण राहिलेली बरी."

ख्रिसमस झाला आणि सेलेस्टीनच्या लक्षात एक गोष्ट आली. क्रिस्टल सकाळी उठल्याउठल्या खोलीची कडी लावून घेत होती. आधी चहा, मग तोंड, मग जग, अशी ही पोरगी. आता चहा गार होत होता. आतून काही आवाज नाही. मग एकदम पायाचा थप्प असा आवाज, आणि क्रिस्टलचं "शिट!"

"काय चाललंय गं?" सेलेस्टीनने दारावर हात मारला.

"काही नाही आते, एक्सरसाइज!"

एक्सरसाइजला कडी कशाला लागते?

पुढच्या आठवड्यात क्रिस्टलची मैत्रीण सान्वी मुक्कामाला आली. दिवा स्टेशनजवळची पोरगी, तोंडाने फटाका. येताना हातात शिंप्याची टेप. सकाळी पुन्हा कडी. या वेळी मात्र आतून बोलणं ऐकू आलं. सेलेस्टीन दाराजवळची फुलदाणी पुसायला लागली. फुलदाणी चांगली लखलखेपर्यंत पुसली.

"हात कमरेवर. डोळे मीट," सान्वीचा आवाज. "आता मागे. अजून. अजून... गेली! परत."

"आज नाही होणार यार."

"कितवा दिवस तुझा?"

यावर क्रिस्टल काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण 'कितवा दिवस' हे शब्द सेलेस्टीनने बरोबर टिपले. कसला दिवस? कशाचा?

दोघी कॉलेजला गेल्यावर ती खोलीत शिरली. पलंगाखाली काही नव्हतं. कपाटात काही नव्हतं. मग तिला दिसलं की खोलीच्या मधोमध चटई अंथरलेली आहे. या घरात चटई दुपारी झोपण्यापुरती निघते आणि परत गुंडाळून ठेवली जाते. तिने कोपरा उचलला.

खाली लादीवर पांढऱ्या चिकटपट्टीची चांदणी होती. आठ टोकांची. मधोमध काळ्या पेनाने केलेला एक ठिपका.

सेलेस्टीनने छातीवर क्रुसाची खूण केली. ख्रिसमसची चांदणी दारावर लावतात, छताला टांगतात. जमिनीवर चिकटवून वर चटई कोण झाकतं? तिला मोबाईलवर आलेले व्हिडिओ आठवले. शिकलेली पोरं कसल्या कसल्या नादी लागतात, डोळे मिटून काय काय बोलावतात. लिंबू-बाहुली हे जुनं झालं, आता हे नवीन निघालं असेल. आणि हीच पोरगी दोन-तीन आठवड्यांनी डोक्यावर उंबराचं पाणी घेऊन येणार, क्रुसासमोरून!

तिने पामेलाला स्वयंपाकघरात गाठलं.

"वयनी, कळशी तुझ्या उत्तनच्या भाचीला देऊ या का?"

पामेलाच्या हातातला झारा थांबला. "का? क्रिस्टल आहे ना घरात?"

"ती अलीकडे धड वाटत नाही मला."

"तुला धड कोण वाटतं, सेलेस्टीन?"

"मी काय हसण्यावारी बोलत नाही. पहिलं पाणी आहे ते. एकदा सांडलंय या घरात."

पामेलाने झारा खाली ठेवला आणि ती मागच्या दारी गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाचं नाव या घरात निघालं होतं, आणि ते काढणारी सेलेस्टीनच होती.

संध्याकाळी क्रिस्टल समोर उभी राहिली. तिला आईकडून कळलं होतं.

"आते, मी काय केलं?"

"तूच सांग काय केलंस."

"मला काहीच कळत नाहीये. कळशी माझी आहे. मी लहान असताना तू बोललेलीस. मी लुगडं शिवायला... म्हणजे त्याचं पोलकं शिवायला पण टाकलेलं आहे."

"देवाच्या वस्तूला हात लावायचा तर मन स्वच्छ लागतं."

क्रिस्टलच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं आणि ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. बघ, सेलेस्टीन मनात म्हणाली, मनात काही नसतं तर कडी लावली असती का?

तरी पोरगी तिच्याच हाताखाली वाढलेली. तिला असं सोडून देणं होईना. तिने ईस्टरला चर्चमधून आणलेली पवित्र पाण्याची बाटली काढली. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली वाळकी पात येशूच्या फोटोमागे होती, तीही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पोरी मोरीत दात घासत हसत होत्या, सान्वी पुन्हा राहायला आली होती, तेवढ्यात सेलेस्टीन खोलीत गेली. चटई उचलली. ठिपक्यावर पाणी ओतलं. थोडं शिंपडून भागलं असतं, पण तिने विचार केला की बाधा जुनी असेल तर कमी पडायला नको. आठही टोकांवर ओतलं. "नमो मरिये" म्हटलं, पात पलंगाच्या गादीखाली सारली, चटई पुन्हा जागेवर टाकली आणि बाहेर येऊन फुलदाणी हातात घेतली.

कडी लागली. चटई सरकल्याचा आवाज आला.

"हे ओलं कसलं..." सान्वी म्हणत होती, तेवढ्यात धप्पकन पडल्याचा आवाज झाला आणि क्रिस्टल कळवळली, "आई गं!"

सेलेस्टीनने फुलदाणी खाली ठेवली. पवित्र पाणी लागलं आणि पोरगी आपटली. म्हणजे होतंच आत काहीतरी!

"कडी काढ! क्रिस्टल! येशूचं नाव घे आणि कडी काढ!"

दार सान्वीने उघडलं. क्रिस्टल लादीवर बसली होती, घोटा दोन्ही हातांनी धरून. चांदणीच्या पट्ट्या ओल्या होऊन सुटल्या होत्या.

"आंटी, छप्पर गळतंय का तुमचं?" सान्वी म्हणाली. "सगळं पाणीपाणी झालंय."

सेलेस्टीनच्या बगलेत रिकामी बाटली होती. ती लपवायचं तिला सुचलंच नाही. बाटलीवर मदर मेरीचं चित्र होतं. क्रिस्टलने ते बघितलं, लादी बघितली, मग आतेचा चेहरा बघितला.

"आते, तू ओतलंस?"

"मी तुझ्यासाठीच ओतलं. ही चांदणी कसली आहे ते सांग आधी. कोणी शिकवलं तुला? या पोरीने?"

सान्वी आधी थबकली. मग तिला उलगडा झाला आणि ती पलंगावर बसून पोट धरून हसायला लागली. "आंटीला वाटलं आपण भूत बोलावतोय! अगं क्रिस, आपण काळी जादू करतोय!"

"हसू नको, माझा पाय दुखतोय," क्रिस्टल म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना, आणि रडूही. "आते, तोल मोजायची टेस्ट आहे ती. कॉलेजचं प्रोजेक्ट. ठिपक्यावर एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय एकेका पट्टीवर जाईल तेवढा लांब नेऊन टेकवायचा. टाच उचलायची नाही, पडायचं नाही. मग टेपने मोजायचं. कॉलेजच्या लॅबमधली चांदणी मोठी, तिची ही कॉपी. आमच्या पोरी आपापल्या घरी सकाळी करतात."

"त्याला डोळे कशाला मिटायचे?"

"तो त्याचाच अवघड प्रकार. डोळे उघडे असले की नजरेने आपण सावरतो. मिटले की खरं काय ते कळतं."

"आणि 'कितवा दिवस'?"

आता क्रिस्टलने दाराकडे बघितलं. बाहेर सिरिल पेपर वाचत होता. तिने खुणेने सान्वीला दार लोटायला सांगितलं.

"पाळीचा, आते. तेच तर बघतोय आम्ही. महिनाभर शरीरातले हार्मोन वरखाली होतात ना, तर त्याने सांधे बांधून ठेवणारे लिगामेंट्स कधी जरा सैल पडतात का, पायातली ताकद बदलते का, तोल कमी-जास्त होतो का. पोट दुखत असतं, झोप झालेली नसते, ते वेगळंच. म्हणून महिन्याच्या वेगवेगळ्या दिवसांत मोजायचं. हे पप्पांसमोर हॉलमध्ये करू? 'पप्पा, पाय जरा बाजूला घ्या, माझी पाळी आहे' म्हणू?"

"मग होतो का तोल कमी?" सेलेस्टीनने विचारलं. आवाजात अजून पुरता विश्वास नव्हता.

"पुस्तकांमध्येच भांडणं आहेत. कोणाला फरक दिसला, कोणाला काहीच दिसला नाही. प्रत्येकीचं वेगळं. या सान्वीला काही होत नाही, ती बकरीसारखी कुठेही उभी राहते."

"बकरी काय! आंटी, आमच्या दिव्याला त्या दिवसांत आजी मला पाण्याला हात लावू देत नाही. टँकर आला की सगळी चाळ हंडे घेऊन धावते आणि मी खुर्चीवर बसून बघते. मी एकदा बोलले, आजी, महिनाभर असंच ठेव की!"

"पण मला फरक पडतो," क्रिस्टल हळूच म्हणाली. "पाळी यायच्या आधी आणि आल्यावर पहिले एक-दोन दिवस, माझा पाय पट्टीवर तेवढा जात नाही. घोटा लटपटतो. आधी मला वाटलेलं मीच नीट करत नाही. पण आधी लॅबमध्ये मोजलं त्या दोन्ही महिन्यांतही तसंच."

सेलेस्टीनने खाली बसून तिचा घोटा हातात घेतला. सूज फार नव्हती. तिने काही न बोलता हळद-मीठ आणलं. सान्वी म्हणाली, "आंटी, आम्ही दोन फिजिओ आहोत खोलीत, बर्फ आणा." तर तिने बर्फही आणला.

पाय धरलेला असताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. ही पडली ती माझ्यामुळे. पण मी काय हिला पाडायला गेले होते?

"कळशी तुझीच," ती म्हणाली.

क्रिस्टलचा चेहरा उजळला पाहिजे होता. नाही उजळला. "आते, एक सांगू? उंबराच्या पाण्याचा शनिवार माझ्या नेमका त्याच दिवसांत येतोय. आणि आता हा पाय. मला उचलायची आहे. खूप उचलायची आहे. पण सांडलं तर? मम्मीला काय तोंड दाखवू मग? तूच सांग, उचलू की नको?"

सेलेस्टीन म्हणाली, "विचार करून सांगते."

ती चर्चमध्ये जाऊन बसली. दुपारची वेळ, आत कोणी नव्हतं. रोझरीचे मणी बोटांतून सरकत होते आणि मन दुसरीकडेच. त्याच दिवसांत येतोय. ते शब्द कुठेतरी जाऊन लागले होते. सिरिलच्या लग्नातला पाण्याचा शनिवार. हिरव्या चौकडीचं लुगडं. सकाळपासून कंबर धरलेली होती, मांड्या भरून आलेल्या. त्या काळी घडीच करून कापड बांधायचं, वरून लुगडं घट्ट नेसायचं, आणि कोणाला काही कळू द्यायचं नाही. त्यांच्यात बाजूला बसवत नसत, पण बोलतही नसत.

तिचे मणी थांबले. त्या दिवशी तिला पाळी आली होती. हे ती कधी विसरली?

पडल्याची गोष्ट तिने गावठाणात किती जणींना सांगितली असेल! प्रत्येक वेळी तेवढं एकच गाळलं, कारण ते सांगायची सोय नव्हती. गाळता गाळता ते तिच्या स्वतःच्या आठवणीतूनही गळून गेलं. उरली ती फक्त अ‍ॅग्नेस, पाठीला चिकटून चालणारी.

लग्नाचं निमंत्रण सिरिलने अ‍ॅग्नेसला कुरिअरने पाठवलं होतं. सेलेस्टीन बस आणि रिक्षा बदलत, शिळफाट्याची धूळ खात स्वतः गेली. अ‍ॅग्नेस तळमजल्यावर राहत होती. मागच्या एमआयडीसीचा वास येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या. दार उघडून तिने सेलेस्टीनला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. मी आलेय."

"तेच म्हणते. कोणी मेल्याशिवाय तू येत नाहीस गो."

अ‍ॅग्नेसचे केस पांढरे झाले होते, गुडघे गेले होते. तिने चहा ठेवला. सेलेस्टीनने कप नाकाजवळ नेला, सवयीने वास घेतला.

"पी. विष घालायचं असतं तर तेव्हाच घातलं असतं," अ‍ॅग्नेस म्हणाली.

सेलेस्टीनने कप खाली ठेवला. "एक विचारायचंय. खरं सांगशील?"

"इतक्या वर्षांनी खोटं बोलून मला काय मिळणार?"

"त्या दिवशी तू एवढी चिकटून का चालत होतीस?"

अ‍ॅग्नेसच्या तोंडावर एक कडवट हसू आलं.

"तुला खरंच आठवत नाही? का परत तपासतेयस मला?"

"नाही आठवत."

"विहिरीवर तू माझा हात धरलास. म्हणालीस, अ‍ॅग्नी, माझ्या पाठीला चिकटून चाल. कापड सरकल्यासारखं वाटतंय. डाग पडला तर बॅन्डवाल्या पोरांना दिसेल, तू आडवी राहा. म्हणून चालत होते. तुझी लाज झाकायला चालत होते गो मी."

खिडकीबाहेर कुठलासा भोंगा वाजला.

"मग तेव्हाच का नाही बोललीस? मी सगळ्यांना काय काय सांगत फिरले!"

"काय बोलणार होते? चारचौघींत सांगू, हिला पाळी आलेली म्हणून मी मागे होते? मग तुलाच खाल्लं असतं बायकांनी. पहिलं पाणी आणि पाळीत, वर सांडलं. पामेलाचं बाळ गेल्यावर तर मी ओठ शिवूनच घेतले. म्हटलं, मला शिव्या देतेय तर देऊ दे."

मग सेलेस्टीनने उरलेला प्रश्न विचारला, कारण तो विचारल्याशिवाय ती सेलेस्टीन नव्हती.

"पण पाय पडला होता का, सोग्यावर?"

"खरं सांगू? मलाच माहीत नाही. पायाखाली काहीतरी आल्यासारखं वाटलं. फरशी असेल, सोगा असेल. तू आधीच डुलत होतीस, की मी पाय ठेवला म्हणून डुललीस... मी आजपर्यंत फादरांना कन्फेशनमध्ये तीनदा सांगितलंय आणि तीनदा सांगितलंय की फादर, मला नक्की ठाऊक नाही."

सेलेस्टीनने चहा उचलला. गार झाला होता. तरी सगळा प्यायली.

"मी पण परवा एकीला पाडलं," ती म्हणाली. "पवित्र पाण्याने." आणि तिने चांदणीची सगळी गोष्ट सांगितली. अ‍ॅग्नेस इतकी हसली की तिला गुडघा धरून बसावं लागलं.

निघताना सेलेस्टीन दारात म्हणाली, "शनिवारी ये. पोरीच्या मागे चालशील?"

"माझे गुडघे..."

"हळू चालू. तिलाही हळूच चालायचंय."

शनिवारी संध्याकाळी बॅन्ड आला, घुमट वाजवणारे आले, उत्तनच्या बायका आल्या. क्रिस्टल लाल चौकडीच्या लुगड्यात खोलीतून बाहेर आली, तेव्हा तिने आतेला डोळ्यानेच खूण केली. आजच आली. सेलेस्टीनने मान हलवली. पोरीचा घोटा पट्टीने बांधलेला होता, ओठ कोरडे होते. ती म्हणाली होती की उचलेन, पण तू पुढे राहा.

विहिरीवर मेणबत्ती लावली, प्रार्थना झाली. सेलेस्टीनने कळशी भरली, आणि मग सगळ्यांदेखत ओंजळभर पाणी पुन्हा विहिरीत ओतलं.

"अगं, काठोकाठ लागतं!" एक म्हातारी म्हणाली.

"यंदा एवढंच."

"असं कुठे असतं?"

"या घरात असतं," पामेला म्हणाली. ती मागून आली होती, कोणाला दिसलीही नव्हती. तिने स्वतःच्या हाताने क्रिस्टलच्या डोक्यावर चुंबळ बसवली आणि सेलेस्टीनने वर कळशी ठेवली, पोचा मागे करून.

पुढे सेलेस्टीन, मधे क्रिस्टल, मागे अ‍ॅग्नेस. बायका बघत होत्या. दोघी बहिणी एका ओळीत चालताना गावठाणाने फार वर्षांनी बघितल्या होत्या, आणि कुजबूज तर होणारच. सेलेस्टीनच्या कानांना ती सगळी ऐकू येत होती.

गटारावरची फरशी आली. सेलेस्टीनने वळून बघितलं. क्रिस्टल थांबली होती. कळशी एका बाजूला झुकली, पाण्याची एक धार तिच्या कानामागून खांद्यावर आली. बॅन्डवाले पुढे गेले होते. पोरीची नजर सेलेस्टीनच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी रोखलेली होती, पापणी हलत नव्हती. कोणाकडे बघतेय ही? सेलेस्टीनने झटकन मागे पाहिलं. मागे क्रूस होता, त्याच्या पायाशी पणती. नजर धरली की आपण सावरतो, असं तिनेच सांगितलं होतं.

आणि पोरीच्या मागे अ‍ॅग्नेस उभी होती, अगदी पाठीला चिकटून. लुगड्याचा सोगा तिने स्वतःच्या मुठीत गुंडाळून धरला होता, जमिनीपासून हातभर वर.

"चल बाय," अ‍ॅग्नेस म्हणाली. "मी आहे."

क्रिस्टलने आधी बांधलेला पाय टाकला, मग दुसरा. फरशी मागे पडली.

पाणी घरी पोचलं. डिनो आंघोळीला बसला आणि गार पाणी अंगावर पडताच असा ओरडला की सान्वीने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून लगेच सगळ्या क्लासला पाठवला. क्रिस्टल पायरीवर बसून पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून खदाखदा हसत होती. पामेलाने अ‍ॅग्नेसला आणि सेलेस्टीनला एकाच ताटात मैद्याचे गरम तळलेले फुगे वाढले.

सेलेस्टीनने पहिला फुगा मोडला, आत नीट शिजलाय का ते बघितलं, आणि मग अर्धा अ‍ॅग्नेसच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने ती उठली. कोणाचं लक्ष नाही असं बघून टॉर्च घेऊन क्रुसापाशी गेली आणि ती फरशी हाताने चाचपून पाहिली. एका कडेने ती खरंच हलत होती. किती वर्षांपासून हलत होती, देव जाणे.